नेट गेले, पण कोठून गेले?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात मार्गासनी येथील एका शिक्षकाने केलेले भाषण)



संस्थेच्या मंडळींनी "संगणकावर काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी बी. ए., बी. एड. झालेला, वर्गात मराठी आणि इतिहास शिकविणारा मनुष्य. संगणकाच्या पोटात काय असते हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु मंडळी म्हणाली, "सर, पोटातले नको. नेट बंद पडले की आम्ही काय करायचे, तेवढे सांगा." तेवढे मला सांगता येईल. कारण आमच्या शाळेत तो प्रसंग पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा येतो, आणि वेल्हे खोऱ्यातला पाऊस आपणांस ठाऊकच आहे.

हा विषय गमतीचा नाही हे आधी सांगतो. इयत्ता आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ज्यांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत आहे अशा घरांतील, सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. जो मुलगा किंवा मुलगी निवडली जाते तिला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. परंतु निवड होऊन भागत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर मुदतीत नोंद करावी लागते, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुलीने अभ्यास केला, परीक्षा दिली, निवड झाली. आणि शेवटच्या संध्याकाळी नेट गेले म्हणून नोंद राहिली, तर गुण कोणाचे कमी पडले? अकरावीचेही तेच. काही मोठ्या शहरांपुरती असलेली ऑनलाइन प्रवेशाची पद्धत २०२५-२६ या वर्षापासून साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. म्हणजे मार्गासनी, विंझर, साखर, वेल्हे येथल्या मुलांचाही अकरावीचा रस्ता आता याच तारेतून जातो.

तेव्हा ही तार कोठे तुटली हे ओळखावयास शिकले पाहिजे. दुरुस्ती आपल्याला येईलच असे नाही, पण "कोठे" हे ओळखता येते. आणि ते एकदा कळले की निम्मे काम झाले असे माझे मत आहे.

आता उदाहरण घेऊ. आपण मार्गासनीच्या थांब्यावर उभे आहोत आणि स्वारगेटहून येणारी वेल्ह्याची एस. टी. आली नाही. शहाणा माणूस काय करतो? तो थेट स्वारगेटला निघत नाही, आणि "एस. टी. खातेच बंद पडले" असेही म्हणत नाही. तो नसरापूरच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करतो आणि विचारतो, "तिथून गाडी गेली का?" गेली असेल, तर घोटाळा नसरापूर ते मार्गासनी या पट्ट्यात आहे. गेली नसेल, तर पुढचा फोन चेलाडी फाट्यावर. एका प्रश्नात अर्धा रस्ता बाद होतो. नेटची चौकशी याच चालीने करावयाची असते.

या रस्त्यावरचे थांबे असे. पहिला थांबा आपला संगणक. तेथून एक वायर, किंवा वायर नसेल तर वायफाय, राऊटरकडे जाते. राऊटर म्हणजे ज्याला आपण घरात "वायफायचा डबा" म्हणतो तो. त्याच्यामागे फायबरचा डबा. हल्ली पुष्कळ घरी हे दोन्ही एकाच डब्यात असतात. त्यातून केसासारखी बारीक काचेची तार बाहेर खांबावर जाते, तेथून नेट देणाऱ्या कंपनीकडे, आणि तेथून जगात कोठेतरी असलेल्या त्या संकेतस्थळाच्या यंत्राकडे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना केंद्र सरकारने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने चालू आहे. ही काचेची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेणे हाच तिचा हेतू. तार गावात येणे ही एक गोष्ट झाली. ती टेबलापर्यंत शाबूत असणे ही दुसरी, आणि ती बव्हंशी आपल्या हातची आहे.

संगणकाला हात लावण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. एक, नेट फक्त याच यंत्राचे गेले आहे की घरातील सगळ्यांचे? त्याच वायफायवर असलेला मोबाईल घ्या, त्याची सिमची रेंज बंद करा आणि एखादे पान उघडून पाहा. मोबाईलवर चालत असेल तर डबा, फायबर, कंपनी सगळे निर्दोष; दोष तुमच्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत. दोन, सगळीच पाने बंद आहेत की एकच? एकच बंद असेल तर तुमच्याकडे काही बिघडलेले नाही. २०२५ च्या मे महिन्यात अकरावीची नोंदणी सुरू व्हावयाची होती त्याच दिवशी ते संकेतस्थळ अडले आणि नोंदणी २६ मे पर्यंत पुढे गेली. अशा वेळी घरचा डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी काय होणार? स्वारगेटच्या आगारातच गाडी उभी असेल तर मार्गासनीचा थांबा झाडून उपयोग नाही. वेळ लिहून ठेवा, पडद्याचे छायाचित्र काढून ठेवा, आणि पैसे भरण्याच्या पानावर असाल तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहा.

दोन प्रश्न झाले की डब्याचे दिवे पाहा. बंद करून चालू करण्याची घाई आपल्याला फार असते, परंतु दिवे न पाहता डबा बंद करणे म्हणजे नाडी न पाहताच औषध देणे होय. पॉवरचा दिवा नसेल तर वीज, खटका किंवा अ‍ॅडाप्टर पाहा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अ‍ॅडाप्टरची पिन पुष्कळ यंत्रांना सारखीच बसते. पण कोणी ५ व्होल्टचा असतो, कोणी ९ चा, कोणी १२ चा. वीज आल्या-गेल्याच्या गडबडीत टी. व्ही.च्या डब्याचा अ‍ॅडाप्टर राऊटरला लागतो. कमी व्होल्टचा लागला तर कधी दिवा तर लागतो, पण डबा पुन्हापुन्हा आपोआप बंद पडून सुरू होतो, आणि आपण कंपनीला बोल लावीत बसतो. जास्त व्होल्टचा लागला तर डबा जळू शकतो. अ‍ॅडाप्टरवरचे बारीक अक्षर आणि डब्याखालचे बारीक अक्षर जुळवून पाहा. नंतर अ‍ॅडाप्टरवर चिकटपट्टी लावून जाड अक्षरात "राऊटर" असे लिहून टाका.

फायबरच्या डब्यावर एल-ओ-एस अशी तीन अक्षरे असलेला एक दिवा असतो. तो तांबडा झाला याचा अर्थ काचेच्या तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. रस्ता खोदला, झाड पडले, उंदराने कुरतडली, किंवा घरातच कोणी ती तार खिळ्याला करकचून गुंडाळली. काच तीव्र वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. तार वाकलेली दिसली तर सैल करा, आणि तरीही दिवा तांबडाच असेल तर संगणकाशी झटापट थांबवून तक्रार नोंदवा. या दिव्यावर घरातला कोणताही इलाज चालत नाही. आणि मुलांनो, ती तार उपसून तिच्या टोकाशी डोळा नेऊ नका. आतील प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

तांबडा दिवा नाही, पॉवर आहे, तरी संगणकावर नेट नाही. मग वायरीकडे वळा. या वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा पारदर्शक चौकोनी तुकडा असतो आणि त्यावर एक इवलीशी जीभ. ती बसताना "खट्" असा आवाज आला पाहिजे. जीभ तुटलेली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते आणि टेबल हलले की सुटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवा. आतले दात काळे-हिरवे पडतात. वायर दोन-तीन वेळा काढून घाला. डब्याचे दुसरे भोक वापरून पाहा. दुसरी वायर असेल तर ती लावून पाहा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरही बदलली, भोकही बदलले, आणि नेट आले, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात तोच खेळ पुन्हा होईल.

या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. ही पद्धत इथरनेटची. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती उभारली. तेव्हाची तार मात्र जाडजूड, टी. व्ही.च्या केबलीसारखी होती. पिळलेल्या जोड्या पुढे आल्या. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाला चारपैकी दोनच जोड्या लागतात, हजार मेगाबिटला चारही. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार आतून तुटली, तर नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकांची यंत्रे हजारावरून शंभरावर उतरतात, आणि आपण म्हणतो, "हल्ली फार हळू चालते." वायरीची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरच्या आत ठेवावी लागते. शाळेच्या कार्यालयातून मागच्या इमारतीत वायर नेण्याचा विचार असेल तर आधी अंतर मोजा. ज्या विद्यार्थ्यांना टोक स्वतः बसवावयाचे असेल त्यांनी रंगांचा क्रम लिहून घ्यावा. प्लास्टिकची जीभ खाली, दात वर आणि वायर आपल्याकडे धरली तर डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याने मध्येच तोडली आहे हे पाहून मुलांना वाटते की छपाईची चूक आहे. चूक नाही, क्रम तसाच आहे. दोन्ही टोकांना तोच ठेवा.

विजेविषयी एक वाक्य. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की डब्याची वीजपिन तर काढाच, पण संगणकाला जाणारी तांब्याची वायरही काढा. विजेचा झटका त्या वायरीतूनही यंत्रात शिरतो.

आता थोडे अवघड, पण विद्यार्थ्यांना आवडेल असे. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. वर्गात हजेरीपटावर मुलांना क्रमांक असतात ना, तसाच. हा क्रमांक राऊटर देतो. तो या वर्गाचा वर्गशिक्षक म्हणा. संगणक चालू झाला की हाक मारतो, "मला क्रमांक द्या." राऊटर देतो. घरगुती डब्यांवर हे क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. तुमच्याही घरी तेच आणि माझ्याही घरी तेच, मग गोंधळ कसा होत नाही? सातवी "अ" मध्येही ७ क्रमांकाचा मुलगा असतो आणि सातवी "ब" मध्येही. वर्गाच्या भिंतीबाहेर त्या क्रमांकाला अर्थ नाही. खाजगी वापराचे हे क्रमांक फेब्रुवारी १९९६ मध्ये पक्के ठरले, आणि जगभरच्या घरांत तेच चालतात.

विंडोज असलेल्या संगणकावर शोधाच्या चौकटीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहून एंटर दाबा. तुमच्या यंत्राचा क्रमांक दिसेल, आणि "डीफॉल्ट गेटवे" या शब्दांपुढे राऊटरचा क्रमांक दिसेल. कागदावर लिहून घ्या. तुमचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नीट लक्ष द्या. संगणकाने हाक मारली, वर्गशिक्षकाकडून उत्तरच आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक क्रमांक लावून घेतला, असा त्याचा अर्थ. म्हणजे गाडी पहिल्याच थांब्यापुढे गेलेली नाही. वायर, भोक, वायफायचा परवलीचा शब्द किंवा राऊटर, याच पट्ट्यात शोधा; बाहेर कंपनीला फोन करण्याचे कारण नाही. कधी उलटेही घडते. कोणीतरी पूर्वी एका यंत्राला हाताने क्रमांक लिहून दिलेला असतो आणि राऊटर तोच क्रमांक दुसऱ्याला देऊन बसतो. एका क्रमांकाची दोन मुले. हजेरी घेताना दोघेही "हजर" म्हणतात. असे झाले की नेट येते-जाते, येते-जाते, आणि त्याला काही ताळतंत्र दिसत नाही. हाताने लिहिलेला क्रमांक काढून टाकून "आपोआप घ्यावा" असे ठेवले की बहुधा भागते.

त्याच काळ्या खिडकीत हजेरीही घेता येते. तिला पिंग म्हणतात. माईक म्यूस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली, आणि तीही जाळ्यातला एक बिघाड सापडेना म्हणून. पाणबुडी शोधताना समुद्रात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव पडले. पिंग हा शब्द, मग एक जागा सोडून क्रमांक. प्रथम १२७.०.०.१ ला हाक मारा. हा संगणक स्वतःलाच मारीत असलेला आवाज. मग राऊटरच्या त्या लिहून घेतलेल्या क्रमांकाला. मग ८.८.८.८ ला, हे गूगलचे बाहेरचे यंत्र. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. (अंक अर्थातच इंग्रजी टाइपावे लागतात.) राऊटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर गाडी नसरापूरला आली आणि पुढे अडली असे समजा. दोष डब्याच्या पलीकडचा. ८.८.८.८ उत्तर देते पण नावाला उत्तर नाही, तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारा जागेवर नाही. अशा वेळी डबा बंद करून चालू केल्याने पुष्कळदा काम होते. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. शेजारचा विंडोज संगणक तर बहुधा नाहीच देत. म्हणून "हजर" ऐकू आले तर तो पुरावा. न आले तर तो निव्वळ संशय.

हे सारे तपासूनही उलगडा होत नाही असा एक प्रकार एका शाळेत पाहिला, तो सांगतो. मे महिन्याची सुट्टी संपली. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर वायर ठीक, क्रमांक ठीक, पिंग ठीक. पण कोणतेही सरकारी पान उघडावे तर "हे कनेक्शन सुरक्षित नाही" अशी इंग्रजी पाटी. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थाने नवा राऊटर घ्यावा लागेल असे सांगून टाकले. आठवीतली एक मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "सर, ह्या कॉम्प्युटरमध्ये अजून २०१२ साल आहे." कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कोणी पाहिलेच नव्हते. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित् कमी-अधिक आकाराचे एक सपाट बॅटरीचे सेल असते. वीज नसताना तारीख-वेळ तेच सांभाळते. ते संपले की यंत्राला कोणता दिवस आहे याचा पत्ता राहत नाही. आणि प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखपत्राबरोबर "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध" असे सांगत असते. संगणक २०१२ मध्ये बसलेला असेल, तर त्याला ते ओळखपत्र भविष्यातले वाटते, आणि तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त करताच पाने उघडली. किरकोळ किमतीचे सेल बदलले, राऊटर वाचला.

त्या मुलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. पुष्कळ घरी असे दिसते की संगणक बिघडला की थोरल्या मुलाला हाक मारली जाते, आणि मुलीला सांगितले जाते की तू लांब राहा, आणखी बिघडेल. मला हे पटत नाही. वायर काढून घातल्याने, दिवे पाहिल्याने, काळ्या खिडकीत पिंग लिहिल्याने काहीही बिघडत नाही. ज्या अम्मीला किंवा आजीला इंग्रजी येत नाही तिलाही तांबडा आणि हिरवा दिवा कळतो. फोनवर ती तेवढे सांगू शकली तरी तपास निम्म्यावर येतो.

बिघडते ते एका गोष्टीने. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढे एक भोक असते. त्यात काडी खुपसून दहा सेकंद दाबली की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कोरा होतो याचा अर्थ कंपनीने त्यात भरलेले तुमचे खात्याचे नाव, परवलीचा शब्द, तुम्ही ठेवलेले वायफायचे नाव, सारे पुसले जाते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर अंधारात. बंद करून चालू करणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती निरुपद्रवी आहे. ती करतानाही क्रम ठेवा. सगळे बंद करा, आधी फायबरचा डबा लावा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा, मग राऊटर वेगळा असेल तर तो, मग संगणक. कारण प्रत्येकाला आपल्या पुढच्याकडून क्रमांक मागावयाचा असतो, आणि पुढचाच उठलेला नसेल तर मागणार कोणाकडे?

छपाईयंत्राची तक्रार वेगळी असते. अर्ज भरला, आणि प्रिंटर "ऑफलाइन". नेट तर चालू आहे! येथे इंटरनेटचा संबंधच नाही; प्रश्न फक्त एका वर्गातल्या दोन मुलांचा आहे. प्रथम दोघे एकाच वर्गात आहेत का ते पाहा. पुष्कळ डबे दोन नावांचे वायफाय देतात, एक लांब पोचणारे आणि एक वेगवान. स्वस्त प्रिंटर बहुधा लांब पोचणाऱ्यावरच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर बसतात. दोन्ही नावे एकाच डब्याची असतील तर साधारणपणे अडत नाही. पण संगणक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किंवा पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नावावर असेल तर प्रिंटर त्याला दिसणारच नाही. दुसरे कारण असे, की वीज जाऊन आली आणि राऊटरने प्रिंटरला नवा क्रमांक दिला. संगणक मात्र जुन्याच क्रमांकाच्या बाकाकडे पाहून "गैरहजर" म्हणतो. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा त्याच्या माहितीच्या कागदावरून त्याचा आजचा क्रमांक पाहा आणि संगणकातला जुळवून घ्या. राऊटरमध्ये प्रिंटरसाठी तोच क्रमांक राखून ठेवण्याची सोय असते. ती एकदा केली की हा त्रास संपतो.

पालकांना एक विनंती. दोनशे पानांची नको, शाळेची चाळीस पानी वही पुरे. ती डब्याजवळ दोरीने बांधून ठेवा. तिच्यात ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन आणि राऊटरचा क्रमांक लिहा. नेट कोणत्या दिवशी गेले, कोणता दिवा कसा होता, काय केल्यावर आले तेही लिहा. दोन पावसाळ्यांनंतर ही वही कोणत्याही कारागिरापेक्षा अधिक सांगेल. परवलीचे शब्द मात्र त्या वहीत नकोत. ते आतल्या कपाटात. डब्यावर छापून आलेला मूळ परवलीचा शब्द बदला. आणि आपण तक्रार केलेली नसताना "तुमचे नेट दुरुस्त करतो, मोबाईलमध्ये हे अ‍ॅप टाका, आलेला आकडा सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. असे अ‍ॅप टाकले की समोरचा तुमचा पडदा पाहू लागतो, आणि बँकेचा आकडाही पाहतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा. उद्या पाहू म्हणू नका, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी अडविता आली तरच अडते.

आणि अर्जाच्या शेवटच्या दिवसाविषयी. शेवटचा दिवस हा बिघाड शोधण्याचा नव्हे. त्या दिवशी मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, अर्ज पाठवा, पोच छापून घ्या किंवा जपून ठेवा. तपास दुसऱ्या दिवशी सावकाश करा. खरे तर मुदतीच्या आठ दिवस आधी अर्ज भरणे हा सर्वांत स्वस्त इलाज, परंतु माझ्या विद्यार्थ्यांना मी हे गेली काही वर्षे सांगत आहे आणि परिणाम आपण पाहतच आहात.

सभागृहाच्या बाहेर टेबलावर दोन जुने राऊटर, एक संगणक आणि चार वायरी मांडून ठेवल्या आहेत. चारपैकी एक वायर मी आतून तोडलेली आहे आणि एका राऊटरला चुकीचा अ‍ॅडाप्टर लावलेला आहे. तो कमी व्होल्टचा आहे, म्हणून भिण्याचे कारण नाही. कोणती वायर आणि कोणता राऊटर ते मी सांगणार नाही. चहा होईपर्यंत अर्धा तास आहे. मुलींनी आधी यावे.